‘मार्गारेट हॅलो’ आणि हॅलो शब्दाचं खरं कूळ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी सातवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत तिला ‘हॅलो या शब्दाचा जन्म’ हा विषय मिळालाय. घरच्या ग्रुपवर एक मजकूर आलाय तो असा : टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहॅम बेल यांच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, फोन तयार झाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी तिचं नाव उच्चारलं आणि तेव्हापासून सगळं जग फोन उचलल्यावर तिचं नाव घेतं. त्यात तुमच्या दिरांनी भर घातली की ‘हॅलो’मध्ये ‘हेल’ म्हणजे नरक आहे, म्हणून तो शब्द तोंडी घेऊच नये. यातलं खरं काय आणि मुलीला काय सांगू, असं तुम्ही विचारलंय.

इंग्रजी-मराठी कोशाच्या कामात मला सव्वीस वर्षं झाली. एखाद्या शब्दाची नोंद करायची म्हणजे तो पहिल्यांदा कुठे छापला गेला, कुणी कुणाला उद्देशून वापरला, त्याचा अर्थ कधी सरकला, हे पुराव्यानिशी बघायचं, हेच आमचं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो : दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पहिली तर नुसत्या तारखा एकाखाली एक मांडल्या तरी कोसळते.

बेल यांच्या आयुष्यातल्या बाईंचं नाव होतं मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना त्यांना लोहितांग ज्वर झाला, ज्याला इंग्रजीत स्कार्लेट फीवर म्हणतात, आणि त्यात त्यांची ऐकण्याची शक्ती पूर्णपणे गेली. बेल हे मुळात बहिऱ्या मुलांचे शिक्षक. बॉस्टनमध्ये मेबल त्यांच्याकडे उच्चार शिकायला येत. २५ नोव्हेंबर १८७५ रोजी, मेबल यांच्या अठराव्या वाढदिवशी, दोघांचं लग्न ठरलं. फोनचं पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ ला. तारेतून पहिलं वाक्य गेलं ते १० मार्चला, आणि ते काय होतं हे बेल यांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय : “मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय.” वॉटसन हे त्यांचे सहायक, पलीकडच्या खोलीत बसलेले. या वाक्यात ना हॅलो आहे ना मार्गारेट. ११ जुलै १८७७ ला बेल आणि मेबल यांचं लग्न झालं. त्या वेळी बेल यांनी टेलिफोन कंपनीतले स्वतःचे फक्त १० शेअर ठेवून बाकीचे सगळे बायकोच्या नावे केले. १९२२ साली बेल गेले, तोवर हा संसार टिकला.

आता तो मजकूर पुन्हा वाचा. ज्या माणसाची प्रेयसी, आणि पुढे पत्नी, फोनवरचा एक शब्दही ऐकू शकत नव्हती, त्या माणसाला फोनवर प्रेयसीला हाक मारायला लावलंय. मला या अफवेचा राग येतो तो एवढ्यासाठी. शब्दाची व्युत्पत्ती चुकीची पसरली तर ती दुरुस्त करता येते. इथे मात्र एक खरीखुरी, बुद्धिमान, ओठांच्या हालचालींवरून बोलणं समजून घेणारी बाई पुसली गेली आणि तिच्या जागी एक बनावट नाव बसवलं गेलं.

आणि गंमत बघा, बेल यांना ‘हॅलो’ हा शब्द पसंतच नव्हता. फोनवर ते ‘अहोय’ म्हणायचे. जहाजावरून दुसऱ्या जहाजाला हाक द्यायला खलाशी हा शब्द वापरत. इथे एक इशारा देतो, कारण मराठी माणसाच्या मनात लगेच ‘अहो’ येतं. मी कोशाच्या कामात नवीन होतो तेव्हा माझ्याही मनात आलं होतं, आणि मी मोठ्या उत्साहाने तशी चिठ्ठी लिहून संपादकांपुढे ठेवली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मधला टप्पा दाखव.” तो दाखवता येत नाही. ‘अहोय’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘हॉय’ या आरोळीला पुढे ‘अ’ लागून झालेला शब्द आहे. आपलं ‘अहो’ वेगळ्या वाटेनं आलंय. माणसाचा गळा सगळीकडे सारखाच, त्यामुळे लांबवर ऐकू जाईल असा आवाज काढायला जगभर ह आणि ओ यांचाच आधार घेतला जातो. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नाही.

आता तुमच्या मुलीचा मूळ विषय : ‘जन्म’. इथे उत्तर थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणजे जन्म कशाला म्हणायचं त्यावर. या शब्दामागचा आवाज कधीचा, आज आहे ते स्पेलिंग कधीचं आणि फोनवर तो कधी आला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. इंटरनेटवर जी भांडणं दिसतात, कुणी म्हणतं एडिसनने शब्द शोधला, कुणी म्हणतं तो आधीपासूनच होता, त्यातली बहुतेक या तीन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे आहेत.

फोनचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे हातात धरता येईल असा कागद आहे.

१८७७ साली अमेरिकेत फोन म्हणजे दोन जागांना जोडणारी एक तार आणि दोन टोकांना दोन यंत्रं. दुकान आणि गोदाम, कारखाना आणि मालकाचं घर, अशी जोडी. मधे फोन जोडून देणारं एक्स्चेंज नाही, नंबर नाही आणि मुख्य म्हणजे घंटीसुद्धा नाही. मग पलीकडच्या माणसाला कळणार कसं की आपल्याला बोलायचंय? सुरुवातीला लोक यंत्राच्या पातळ पडद्यावर पेन्सिलीने टकटक करत, म्हणजे पलीकडे बारीक आवाज होई. पडदा खराब व्हायला लागला तेव्हा वॉटसन यांनी त्यासाठी आत छोटी हातोडी बसवली, नंतर गुणगुणणारं यंत्र केलं आणि मग घंटी.

त्याच उन्हाळ्यात थॉमस एडिसन बेल यांच्या प्रतिस्पर्धी कंपनीसाठी, वेस्टर्न युनियनसाठी, फोनमध्ये सुधारणा करत होते. १५ ऑगस्ट १८७७ रोजी त्यांनी पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफ कंपनीचे अध्यक्ष टी. बी. ए. डेव्हिड यांना चार ओळींचं पत्र लिहिलं. मजकूर असा : मित्रा डेव्हिड, हाक मारायला आपल्याला घंटीची गरज पडेल असं मला वाटत नाही, कारण हॅलो १० ते २० फुटांवरूनही ऐकू जातं, तुला काय वाटतं? खाली ताजा कलम आहे, की बोलायचं आणि ऐकायचं यंत्र तयार करायला खर्च फक्त ७ डॉलर येतो. ब्रुकलिन कॉलेजमध्ये अभिजात भाषा शिकवणारे अॅलन कोनिग्सबर्ग यांनी हा शब्द फोनवर कसा आला याचा माग काढता काढता हे पत्र एका टेलिफोन कंपनीच्या दप्तरातून शोधून काढलं.

हे पत्र मुलीला नीट समजावून सांगा, कारण सगळं त्यात आहे. एडिसन इथे ‘नमस्कार’ला पर्याय शोधत नाहीयेत. त्यांना घंटीला पर्याय हवाय. टेबलावर यंत्र ठेवलंय, माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला कामात आहे, आणि त्या यंत्रातून ओरडलं तर त्याच्या कानावर जाईल असा आवाज त्यांना हवाय. १० ते २० फूट हा आकडा म्हणूनच आलाय. तेव्हा ‘हॅलो’ ही आरोळी होती. आणि हे लिहिणारा माणूस स्वतः लहानपणापासून कानाने अधू होता, हेही सांगा. कुठला आवाज ऐकू येतो आणि कुठला विरून जातो याचा विचार एडिसन यांच्याइतका क्वचितच कुणी केला असेल.

घंटीबद्दलचा त्यांचा अंदाज चुकला. वर्षभरात फोनला घंटी बसली आणि ती कायमची राहिली. पण शब्दही राहिला.

म्हणून मी ‘एडिसनने हॅलो शब्द तयार केला’ असं कधीच लिहित नाही. एका पत्रावरून एवढंच सिद्ध होतं की ऑगस्ट १८७७ मध्ये फोनच्या संदर्भात तो त्यांच्या लेखणीतून उतरला. आणि ज्या सहजतेने तो उतरलाय त्यावरून हेही दिसतं की डेव्हिड यांना तो ओळखीचा होता. नवा शब्द असता तर समजावून सांगावा लागला असता.

तो ओळखीचा होताच. आजच्या स्पेलिंगमध्ये हा शब्द १८२६ च्या ऑक्टोबरमध्ये कनेटिकट राज्यातल्या नॉर्विच गावच्या वर्तमानपत्रात छापलेला सापडतो : “हॅलो, जिम!” तिथेही बोलणारा जिमचं लक्ष वेधून घेतोय. त्याहून मागे गेलं की स्पेलिंग डळमळायला लागतं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हा शब्द हॅलो, हेलो, हिलो, हॉलो, हलो असा सापडतो. एच आणि एल यांच्यामधला स्वर इंग्रजीतल्या पाच स्वरांपैकी कुठलाही असतो. नवख्या माणसाला हे पाच वेगळे शब्द वाटतात. मला मात्र हा फार मोठा पुरावा वाटतो. ज्या शब्दाचा पहिला स्वर कसाही चालतो, तो शब्द लोक पानावर वाचून शिकलेले नाहीत, लांबून ऐकून शिकलेत.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. शेताच्या पलीकडच्या बांधावर असलेल्या माणसाला हाक मारताना आपण ‘गणपाऽऽऽ’ असा शेवटचा स्वर लांबवतो. पहिलं अक्षर वाऱ्यावर जातं, पलीकडे पोचतो तो शेवटचा ‘आ’. हॅलोचंही तेच. ताण आणि लांबी शेवटच्या ‘ओ’वर, म्हणून तो फारसा बदलला नाही. पहिला स्वर कुणी नीट ऐकलाच नाही, म्हणून ज्याने त्याने आपल्या मनासारखा लिहिला.

या कुळातला एक जुना शब्द ‘हॉला’. तो फ्रेंच ‘ओला’वरून आलेला, आणि त्याचा अर्थ साधारण ‘ए, तिकडच्या’ किंवा ‘ए, थांब’ असा. दुसरी शाखा शिकारीची. कुत्र्यांना सावजाच्या मागे सोडताना शिकारी ‘हॅलू’ अशी आरोळी ठोकत. तिसरी जुन्या जर्मन भाषेतली, ‘हाला, होला’. तिचा अर्थ ‘घेऊन ये’, आणि ती विशेषतः नदीच्या पलीकडच्या काठावरच्या नावाड्याला हाक मारताना वापरत. मला ही शाखा फार आवडते. नदी भरून वाहतेय, होडी पलीकडे आहे, आणि माणूस काठावर उभा राहून तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडतोय. फोनच्या तारेच्या एका टोकाला उभ्या असलेल्या माणसाची अवस्था याहून वेगळी नव्हती. पलीकडे कुणी आहे का, आणि असला तर त्याने ऐकलं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

या तिन्ही शाखांमधलं नेमकं नातं कसं लावायचं यावर कोशकारांत मतं वेगळी आहेत, आणि आरोळ्यांच्या बाबतीत ती तशी राहणारच. लेखी परंपरा असलेल्या शब्दांसारखी सरळ वंशावळ इथे मिळत नाही. मुलीने भाषणात ‘हॅलो हा शब्द अमुक भाषेतून आला’ असं एकच ठाम वाक्य टाकू नये असं मला वाटतं. ‘युरोपातल्या जुन्या आरोळ्यांच्या कुळातला’ म्हटलं तर ते बरोबर आहे आणि पुरेसं आहे.

मग ही आरोळी अभिवादन कधी झाली? एक्स्चेंज आल्यावर. २८ जानेवारी १८७८ रोजी कनेटिकटमधल्याच न्यू हेवन शहरात २१ ग्राहकांसाठी व्यापारी तत्त्वावरचं पहिलं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या कंपनीने ग्राहकांसाठी पुस्तिका काढली, आणि फोनवर कसं बोलायचं हे त्यात सांगितलं : सुरुवात ‘हलोआ’ म्हणून करा, संपवताना ‘एवढंच’ म्हणा. गावोगावच्या एक्स्चेंजवाल्यांनी एकमेकांचं बघून हेच उचललं. सप्टेंबर १८८० मध्ये नायगारा धबधब्याजवळ अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांचं पहिलं संमेलन भरलं, तेव्हा प्रतिनिधींच्या छातीवरच्या बिल्ल्यांवर ‘हॅलो’ छापलेलं होतं. तीन वर्षांत हा शब्द त्या धंद्याची खूण झाला होता.

एक्स्चेंजमध्ये पहिल्यांदा पोरगे कामाला ठेवले होते. ते ग्राहकांशी उर्मटपणे वागत. १ सप्टेंबर १८७८ ला बॉस्टनमध्ये एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर रुजू झाली आणि मग हे काम बहुतांशी बायकांचंच झालं. लोक त्यांना ‘हॅलो गर्ल’ म्हणायला लागले. मार्क ट्वेन यांच्या १८८९ च्या ‘अ कनेटिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ या कादंबरीत हा शब्द आहे, आणि त्याच कादंबरीत तुमच्या प्रश्नाशी थेट भिडणारा एक प्रसंग आहे. कथानायक एकोणिसाव्या शतकातून सहाव्या शतकात जाऊन पडलाय. झोपेत तो ‘हॅलो सेंट्रल’ असं पुटपुटतो, जसं त्याच्या काळात फोन उचलून एक्स्चेंजला म्हणत. त्याच्या सहाव्या शतकातल्या बायकोला वाटतं, हे नवऱ्याच्या जुन्या, हरवलेल्या प्रेयसीचं नाव असणार. ती मोठ्या मनाने आपल्या मुलीचं नावच ‘हॅलो-सेंट्रल’ ठेवते. ‘हॅलो’ हे कुणा प्रेयसीचं नाव असावं, हा गैरसमज मार्क ट्वेन यांनी कादंबरीत रंगवला त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. आज तोच गैरसमज बेल यांचं नाव लावून फिरतोय. ग्रुपवरचा मजकूर या कादंबरीतूनच निघालाय असं मी म्हणणार नाही, मधला टप्पा दाखवता येत नाही. पण मुलीला हा प्रसंग नक्की सांगा. माझा अंदाज आहे की श्रोत्यांच्या सगळ्यात जास्त लक्षात तोच राहील.

दिरांच्या नरकाबद्दल थोडक्यात. इंग्रजीत नरकाला ‘हेल’ म्हणतात तो शब्द वेगळा, फार जुना, आणि त्यात ‘ई’ हा स्वर पक्का आहे. हॅलोमधला स्वर पाच प्रकारे लिहिला जात होता हे वर सांगितलंच. नरकाचा संबंध असता तर हॉलो आणि हलो ही रूपं झालीच नसती. ही शंका फक्त आपल्याकडेच आलेली नाही. १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सस राज्याच्या क्लेबर्ग काउंटीने याच कारणासाठी ‘हेल’च्या जागी ‘हेवन’ घालून ‘हेवन-ओ’ हे अधिकृत अभिवादन ठरवलं होतं. भावना मी समजू शकतो, व्युत्पत्ती मात्र चुकीची आहे.

हंगेरीतल्या लोकांचाही या शब्दावर दावा आहे. एडिसन यांच्यासोबत काम केलेले तिवादार पुश्काश हे हंगेरीचे. त्यांनी फोन कानाला लावून ‘हॉलोम’ म्हटलं, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘मला ऐकू येतंय’, आणि त्यावरून हॅलो झालं, असं तिथे अभिमानाने सांगतात. सुंदर गोष्ट आहे. पण नॉर्विचच्या वर्तमानपत्रात शब्द छापून आला तेव्हा पुश्काश यांचा जन्मही झाला नव्हता. व्युत्पत्तीच्या गोष्टी तपासायची ही सगळ्यात सोपी रीत आहे आणि सातवीतल्या मुलीलाही ती जमेल. गोष्ट ज्या वर्षी घडली असं सांगतात, त्या वर्षाच्या आधी शब्द छापलेला सापडला, की गोष्ट संपली. फार हुशारी लागत नाही, फक्त दोन तारखा लागतात. मार्गारेटची गोष्टही याच कसोटीवर पडते : १८७६ च्या आधी पन्नास वर्षं शब्द छापून झालेला होता.

दुसरी खूण म्हणजे गोष्ट किती नीटस आहे ते बघणं. शब्दांचा खरा इतिहास बहुतेक वेळा ओबडधोबड असतो. त्यात एकाच माणसाला, एकाच क्षणी, एकाच भावनेतून शब्द सुचत नाही. ज्या गोष्टीत प्रेम आहे, एक प्रसिद्ध माणूस आहे आणि शेवटी ‘म्हणून आजही आपण’ असं वाक्य आहे, ती गोष्ट मी दोनदा तपासतो.

आता आपल्याकडचं बघू. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे जानेवारी १८८२ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीची एक्स्चेंजेस सुरू झाली. यंत्राबरोबर शब्द आला. पुढे यंत्राला ‘दूरध्वनी’ हे मराठी नाव मिळालं, पण ‘हॅलो’ तसाच राहिला, आणि खेड्यापाड्यांत ‘हालो’, ‘हलो’ झाला. सगळ्या भाषांनी असं केलं नाही. इटालियन माणूस फोन उचलून ‘प्रोन्तो’ म्हणतो, म्हणजे ‘तयार आहे’. जपानी ‘मोशी मोशी’ म्हणतात. आपण मात्र हॅलो घेतला आणि मुरवला.

माझी मावशी एका तालुक्याच्या गावच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लहानपणी सुट्टीत मी तिच्या खोलीच्या दाराशी बसून बघायचो. समोर भोकांची उभी फळी, प्रत्येक भोकाखाली नंबर, मांडीच्या उंचीवर दोऱ्यांच्या जोड्या. पत्र्याची झाकणी टक्‌ करून पडली की ती एक दोरी उचलून भोकात खुपसायची आणि म्हणायची, “नंबर?” ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, असेल तर दुसरी दोरी ट्रंकच्या भोकात, आणि मग मानेच्या शिरा ताणून : “हॅलो मिरज! हॅलो मिरज! मिरज, ऐकू येतंय का?” पावसाळ्यात तारा ओल्या झाल्या की हे पाच-पाच मिनिटं चालायचं. मिरजहून उत्तर आलं की तिचा आवाज एकदम खाली यायचा, आणि मग ती नेहमीच्या सुरात म्हणायची, “हां ताई, नमस्कार, जरा सोलापूर द्या.” हॅलो आणि नमस्कार ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला कुठल्याही कोशाच्या आधी तिने दाखवलं.

आजही लक्ष देऊन ऐका. बोलता बोलता रेंज गेली की आपण काय म्हणतो? “हॅलो? हॅलो?” भेटलेल्या माणसाला आपण दर दोन मिनिटांनी नमस्कार करत नाही. ही ती नदीकाठची हाक आहे, पलीकडे कुणी आहे का हे विचारणारी. गणपतीच्या मांडवात माइक हातात घेणारा कार्यकर्ता “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणतो, तोही समोरच्यांना अभिवादन करत नाही, आवाज पोचतोय का ते बघतो. आणि हल्लीची मुलं कुणी पुढे घुसलं की जोरात “ओ हॅलो!” म्हणतात, त्यात तर नॉर्विचच्या १८२६ च्या वर्तमानपत्रातला अर्थ जसाच्या तसा आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं असं सांगितलं, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हा अनेकांनी मला विचारलं होतं, कोशकार म्हणून तुमचं काय मत? मी म्हटलं, संभाषणाच्या सुरुवातीचं अभिवादन लोकांनी ठरवलं तर बदलू शकतं, अनेक घरांत आजही ‘रामराम’, ‘जय भीम’, ‘जय महाराष्ट्र’ म्हणूनच फोन उचलतात. पण मधेच आवाज तुटल्यावर जो ‘हॅलो?’ येतो, त्याच्या जागी दुसरा शब्द बसवायचा तर त्याला तेच काम करावं लागेल. दोन अक्षरांत, ताणता येईल असं, आणि घाईत.

भाषण चार मिनिटांचं असेल तर सगळं सांगायला जाऊ नका. मी असं करेन : ग्रुपवरचा मजकूर एका वाक्यात, मग मेबल यांची खरी हकीकत, एडिसन यांचं पत्र, मार्क ट्वेन यांच्या कादंबरीतलं बाळ, आणि वेळ उरला तर नावाडी. दहा मिनिटं असतील तर न्यू हेवन आणि नायगाराचे बिल्ले घ्या. परीक्षक भाषेचे शिक्षक असतील तर पाच स्वरांचा मुद्दा जरूर घ्या, विज्ञानाचे असतील तर घंटी नसलेल्या फोनचा. तारखांपैकी १५ ऑगस्ट १८७७ तेवढी पाठ करायला सांगा, आपल्या मुलांच्या ती सहज लक्षात राहते.

आणि मेबल हबर्ड हे नाव तिला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. स्पर्धेच्या दिवशी घाबरून बाकीचं काही विसरली तरी चालेल, पण ते नाव तिने मोठ्याने, स्पष्ट म्हणावं अशी माझी फार इच्छा आहे. त्या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या पालकांच्या फोनमध्ये ‘मार्गारेट’चा तो मजकूर असणार आहे.